माउस नेला की दिसतो, हलवला की जातो: हा मजकूर कॉपी कसा करायचा?

फायलींचा_फडशा

मंडळी, काम किरकोळ आहे पण डोकं उठवतंय. आमच्याकडे एका अंतर्गत वेबपानावर अर्जांची लांबलचक यादी येते. प्रत्येक ओळीच्या शेवटी एक गोल ठिपका असतो. त्यावर माउस नेला की काळ्या चौकटीत शेरा दिसतो: अर्ज का अडकला, कुणी परत पाठवला वगैरे. मला हे सगळे शेरे एक्सेलमध्ये हवेत. सिलेक्ट करायला गेलं की चौकट गायब, राइट क्लिक केलं तरी गायब. पानावर एक्स्पोर्टचं बटण आहे, त्या फाइलीत बाकी सगळं येतं, फक्त शेरा येत नाही. सध्या बघून बघून टाइप करतोय.

ब्राउझर क्रोम. एक्स्टेंशन टाकायची परवानगी नाही, पण एफ१२ दाबल्यावर कन्सोल (उघड्या पानावर जावास्क्रिप्ट चालवायची खिडकी) उघडतो. जावास्क्रिप्ट वाचून अंदाज येतो, लिहिता येत नाही. काही उपाय?

गप्पिष्ट

स्क्रीनशॉट काढा आणि ओसीआरला, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रामला, द्या. हाय काय नाय काय.

मुद्देसूद

ओसीआर नको. एकेका ठिपक्यावर माउस नेऊन स्क्रीनशॉट काढायचा, वर जोडाक्षरं तपासत बसायचं, त्यापेक्षा टाइप केलेलं परवडलं. मजकूर संगणकात अक्षरांच्या रूपातच आहे, तो चित्रातून पुन्हा वाचायची गरज नाही.

स्क्रिप्ट लिहिण्याआधी एकच गोष्ट शोधायची: तो शेरा राहतो कुठे? टूलटिप म्हणून, म्हणजे माउस नेल्यावर उगवणारी चौकट म्हणून, जे दिसतं ते बाहेरून सारखं असलं तरी आतून चार-पाच तऱ्हांचं असतं, आणि प्रत्येकाची कॉपी करायची वाट वेगळी.

सगळ्यात जुना आणि सोपा प्रकार म्हणजे टायटल अ‍ॅट्रिब्यूट. हा टॅगमध्येच, म्हणजे पानाच्या कोडमध्ये त्या घटकाच्या नावापाशीच, लिहिलेला असतो आणि चौकट ब्राउझर स्वतः काढतो. ती चौकट पानाचा भाग नसते, म्हणून ती सिलेक्टही होत नाही. पण मजकूर मात्र पानात आहेच. अशा वेळी कन्सोलमध्ये क्वेरीसिलेक्टरऑलने टायटल असलेले सगळे घटक गोळा करायचे आणि प्रत्येकाचं गेटअ‍ॅट्रिब्यूट छापायचं. एक खोच आहे: क्वेरीसिलेक्टरऑल जी यादी देतो तिला फॉरईच असतं, मॅप नसतं. आधी अ‍ॅरे डॉट फ्रॉममधून काढावी लागते.

दुसरा प्रकार, लायब्ररीने, म्हणजे पानात वापरलेल्या तयार कोडने, टायटल हलवलेलं असतं. ब्राउझरची आणि स्वतःची अशा दोन चौकटी एकदम दिसू नयेत म्हणून बूटस्ट्रॅप ही लायब्ररी मूळ टायटल काढून घेतो आणि दुसऱ्या नावाने ठेवतो. चौथ्या आवृत्तीत ते नाव डेटा-ओरिजिनल-टायटल होतं, पाचव्या आवृत्तीत मध्ये 'बीएस' आलं. टिप्पी ही टूलटिपची लायब्ररी वापरली असेल तर बहुतेक वेळा डेटा-टिप्पी-कंटेंट सापडतं. मजकूर इथेही टॅगवरच असतो, फक्त नाव शोधावं लागतं.

तिसरा, निव्वळ सीएसएसवाला, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या नियमांतून आलेला. घटकाच्या मागे आफ्टर नावाचा आभासी घटक आणि त्यात अ‍ॅट्रिब्यूटमधला मजकूर. आभासी घटक सिलेक्ट होत नाही, पण ज्या अ‍ॅट्रिब्यूटमधून तो येतो ते सरळ वाचता येतं.

चौथा म्हणजे एसव्हीजी, म्हणजे कोडमधून आकार काढलेलं चित्र. तिथे टायटल हे अ‍ॅट्रिब्यूट नसून आकाराच्या पोटातला वेगळा घटक असतो. पहिल्या प्रकारची स्क्रिप्ट त्याला सरळ ओलांडून जाते.

आणि पाचवा, जो हल्ली सर्रास दिसतो: माउस येईपर्यंत मजकूर पानात नसतोच. माउस आला की तयार होतो, गेला की पुसला जातो. तुमचा हाच असेल असा माझा अंदाज. ठिपक्यावर राइट क्लिक, इन्स्पेक्ट, आणि टॅगमध्ये काय काय दिसतं ते सांगा.

फायलींचा_फडशा

बघितलं. ठिपका म्हणजे एक बटण टॅग आहे. क्लास आहे, टायटल नाही, डेटा-वालं काहीच नाही. पण इन्स्पेक्टर उघडा ठेवून माउस नेला तर त्याच टॅगवर एरिया-डिस्क्राइब्डबाय असं काहीतरी उगवतं आणि माउस हलवला की जातं. चौकट बघायला इन्स्पेक्टरकडे माउस नेला की चौकटच जाते, म्हणजे पुन्हा तेच.

चष्मेवाली

पाचवा प्रकारच आहे. एरिया-डिस्क्राइब्डबायमध्ये जे असतं तो चौकटीचा आयडी, म्हणजे पत्ता हातात आला.

चौकट पकडायला पान गोठवा. कन्सोलमध्ये सेटटाइमआउट लिहायचं, त्यातल्या फंक्शनमध्ये फक्त डिबगर हा एक शब्द, आणि मुदत ५००० मिलिसेकंद. एंटर मारा आणि लगेच माउस ठिपक्यावर नेऊन धरा. पाच सेकंदांनी पान जागच्या जागी थांबतं. आता माउस कुठेही न्या, चौकट जात नाही. एलिमेंट्स टॅबमध्ये बॉडीच्या अगदी तळाशी बघा. अशा लायब्ररी चौकट ठिपक्याजवळ न ठेवता बहुधा तिथे नेऊन टाकतात, नाहीतर टेबलाच्या कडेला ती कापली जाते.

(कोड इथे चिकटवला की सरळ अवतरणचिन्हांची वाकडी होतात आणि कन्सोल रुसतो. म्हणून बोलीतच सांगतेय, टाइप तुम्ही करा.)

फायलींचा_फडशा

सापडली! तळाशी एक डिव्ह, रोल टूलटिप, आयडी तोच, आणि आत पूर्ण शेरा. पण हे एका ठिपक्याचं झालं. यादी शेकड्यांत आहे.

रात्रपाळी

थांबा, माउसच्या मागे लागण्याआधी नेटवर्क टॅब बघा. पुष्कळदा सगळा डेटा यादीबरोबरच आलेला असतो आणि पान त्यातला थोडाच दाखवतं. नेटवर्क टॅब उघडा, फेच/एक्सएचआर निवडा, पान रिफ्रेश करा आणि तिथे कंट्रोल-एफ करून एखाद्या शेऱ्यातला शब्द शोधा. सापडला तर त्या रिस्पॉन्सवर (सर्व्हरकडून आलेल्या उत्तरावर) राइट क्लिक, कॉपी रिस्पॉन्स, काम फत्ते.

फायलींचा_फडशा

शब्द सापडत नाही. दोन-तीन वेगवेगळे शेरे शोधले.

रात्रपाळी

शेरे मराठीत आहेत ना? मग न सापडणं हा पुरावा नव्हे. सर्व्हरवर डेटा जेसन या स्वरूपात बांधणारं पीएचपीचं जेसन एन्कोड काय किंवा पायथनचं जेसन डम्प्स काय, मुद्दाम सांगितलं नाही तर देवनागरी अक्षरं तशीच पाठवत नाहीत. 'श' जातो तो बॅकस्लॅश, यू आणि ०९३६ असा. ब्राउझर वाचताना त्याचा पुन्हा 'श' करतो, त्यामुळे पानावर सगळं नीट दिसतं. शोध मात्र कच्च्या मजकुरात होतो, तिथे 'शेरा' नावाचं काही नसतं. अर्जाचा क्रमांक शोधा. तो आकड्यांत असल्याने जसाच्या तसा सापडेल. मग त्या रिस्पॉन्सच्या प्रिव्ह्यूमध्ये बघा, तिथे मराठी वाचता येते.

फायलींचा_फडशा

हे भारी होतं. क्रमांकाने यादीचा रिस्पॉन्स सापडला, पण त्यात शेरा नाही, फक्त अर्जाचा आयडी आणि स्थिती. मात्र नेटवर्क टॅब उघडा असताना ठिपक्यावर माउस नेला की दर वेळी एक छोटी रिक्वेस्ट जाते आणि तिच्या प्रिव्ह्यूमध्ये शेरा दिसतो.

रात्रपाळी

मग गणित सुटलं. दर ठिपक्याला एक रिक्वेस्ट, पत्त्यात अर्जाचा आयडी. कन्सोलमधून फेच या डेटा मागवणाऱ्या फंक्शनने तोच पत्ता आयडी बदलत बदलत मागवा. त्याच साइटवर असल्यामुळे लॉगिनची कुकी आपोआप सोबत जाते. माउसचं नाटकच नको.

चष्मेवाली

फेच नीटनेटकं आहे हे मान्य. पण त्यांना जावास्क्रिप्ट वाचण्यापुरतंच येतं. त्या रिक्वेस्टला जादा हेडर किंवा टोकन लागत असेल तर ते तिथेच अडकतील, आणि चुकून दुसऱ्याच पत्त्यावर रिक्वेस्टींचा मारा झाला तर उत्तर द्यायला तेच उभे राहतील. ठिपक्यांवरून फिरणारी स्क्रिप्ट पान जे करतं तेच करते, फक्त माणसाच्या जागी बसून. मी तरी इथे तीच वाट धरेन.

मांडणी अशी. एक असिंक फंक्शन, म्हणजे मध्ये थांबून वाट बघू शकणारं. आत सगळी ठिपका-बटणं गोळा करून एकेकावर फेरी. प्रत्येकाला डिस्पॅचइव्हेंटने माउसओव्हर पाठवायचा, आणि त्यात बबल्स ट्रू हवंच, म्हणजे इव्हेंट बाहेरच्या घटकांपर्यंत वर जातो. माउसएंटर पाठवून उपयोग नाही. तो बबल होत नाही, आणि रिअ‍ॅक्टसारख्या लायब्ररी वर बसून माउसओव्हरच ऐकतात व त्यावरून आपला माउसएंटर ठरवतात. काही नव्या लायब्ररींना माउसचे इव्हेंट चालत नाहीत, त्यांना पॉइंटरमूव्ह लागतो. एकाने चौकट उघडली नाही तर दुसरा पाठवून बघायचा.

मग वाट बघायची. शेरा सर्व्हरवरून येतोय, म्हणजे लगेच मिळणार नाही. दर १०० मिलिसेकंदांनी बटणावर एरिया-डिस्क्राइब्डबाय आलं का ते पाहायचं. आलं की त्या आयडीचा घटक गेटएलिमेंटबायआयडीने घ्यायचा, टेक्स्टकंटेंट वाचायचं, अर्ज क्रमांकासोबत साठवायचं. माउसआउट पाठवायचा. पुन्हा थोडं थांबून पुढचा ठिपका. म्यूटेशन ऑब्झर्व्हर (पानातले बदल टिपणारा) लावूनही हे होतं आणि ते जास्त देखणं दिसतं, पण एवढ्या कामाला साधं डोकावणं पुरे.

सगळ्या ठिपक्यांना एका दमात माउसओव्हर पाठवू नका. अशा लायब्ररी एका वेळी एकच चौकट उघडी ठेवतात, हातात फक्त शेवटची येईल.

आडवातिडवा

एवढं कशाला? ठिपका जर बटण असेल तर फोकस द्या. कीबोर्डवाल्यांसाठी टूलटिप फोकसवरही उघडायला हवी, आणि बऱ्याच लायब्ररी ते पाळतात. कन्सोलमध्ये कर्सर असताना पानाला फोकस नसतो, तेवढ्यासाठी डेव्हटूल्सच्या रेंडरिंग टॅबमध्ये 'एम्युलेट अ फोकस्ड पेज' चालू करा.

चष्मेवाली

हेही चालेल, आणि चाललं तर माउसओव्हरपेक्षा भरवशाचं. एक मात्र लक्षात ठेवा: सीएसएसचं होव्हर स्क्रिप्टने कधीच पेटत नाही. नुसतं सीएसएसने दाखवलेलं-लपवलेलं असेल तर कितीही इव्हेंट पाठवा, चौकट ढिम्म. पण तिथे मजकूर आधीपासूनच पानात असतो, सरळ टेक्स्टकंटेंट वाचायचं. इनरटेक्स्ट नको, ते दिसणाऱ्या मजकुराकडे बघतं आणि लपलेला भाग गाळू शकतं.

कुंपणावरचा

रसभंग करतोय, पण नोकरीच्या ठिकाणी, लॉगिन केलेल्या पानावर, कुणीतरी ऑनलाइन सांगितलेला कोड कन्सोलमध्ये चालवायचा? क्रोम काय उगाच पेस्ट करू देत नाही? पहिल्यांदा चिकटवायला गेलात की इशारा येतो आणि 'अलाउ पेस्टिंग' असं इंग्रजीत स्वतः टाइप केल्याशिवाय पुढे सरकू देत नाही. असल्या कोडच्या नादात लोकांची खाती गेली आहेत. कन्सोलमध्ये जे चालतं ते तुमच्या नावाने आणि तुमच्या अधिकारात चालतं.

मुद्देसूद

मुद्दा रास्त आहे. म्हणून तर इथे कुणी तयार कोड देत नाहीये. जी ओळ वाचून कळत नाही ती चालवू नये, आणि कोडमध्ये दुसऱ्या कुठल्या साइटचा पत्ता दिसला तर विषय तिथेच संपतो. बाकी जे शेरे बघायचा त्यांना अधिकार आहे तेच ते उतरवताहेत. तरी आयटीवाल्यांच्या कानावर घातलेलं बरं. शेकडो रिक्वेस्ट एका खात्यातून गेल्याचं लॉगमध्ये दिसतंच.

फायलींचा_फडशा

आयटीला विचारलं. "हळू चालवा आणि दुपारी नको" एवढंच म्हणाले.

माउसओव्हरने चौकट उघडते. पण दोन अडचणी आहेत. पहिली: यादी स्क्रोल केली की वरच्या ओळी इन्स्पेक्टरमधून नाहीशा होतात. स्क्रिप्टला फक्त समोरच्या तीसेक ओळी मिळतात. दुसरी: काही ओळींवर आधीच्याच ओळीचा शेरा पुन्हा येतोय.

चष्मेवाली

पहिली म्हणजे व्हर्च्युअल यादी. पडद्यावर मावतील तेवढ्याच ओळी पानात ठेवायच्या, बाकी स्क्रोल केल्यावर घडवायच्या. साठवायला अ‍ॅरेऐवजी मॅप (की आणि मूल्य अशा जोड्यांचा साठा, वरचं मॅप फंक्शन नव्हे) घ्या, की म्हणून अर्ज क्रमांक. थोडं स्क्रोल करा, स्क्रिप्ट पुन्हा चालवा. तीच ओळ दोनदा आली तरी मॅपमध्ये एकदाच राहते. मॅप विंडोवर टांगून ठेवा, म्हणजे दर वेळी नव्याने सुरू होणार नाही. स्क्रोलही स्क्रिप्टने करता येतं, पण हाताने करा. वेग तुमच्या ताब्यात राहतो.

दुसरी जास्त घातक आहे, कारण चुकीची माहिती बरोबर असल्यासारखी दिसते. जुनी चौकट विझताना अर्धा सेकंद रेंगाळते आणि तेवढ्यात तुमची स्क्रिप्ट पुढच्या ठिपक्यावर पोचून तीच वाचते. बॉडीच्या तळाची 'पहिली टूलटिप' असं शोधत असाल तर हे होणारच. चौकट नेहमी त्याच बटणाच्या एरिया-डिस्क्राइब्डबायमधल्या आयडीनेच शोधा, आणि माउसआउटनंतर तो आयडी पानातून गेल्याची खात्री करूनच पुढे जा. शिवाय ज्या अर्जाला शेराच नाही तिथे चौकट उघडणारच नाही. तीन सेकंद वाट बघून 'शेरा नाही' असं लिहून पुढे सरका, नाहीतर स्क्रिप्ट तिथेच बसून राहील.

फायलींचा_फडशा

आयडीने शोधायला लागल्यावर घोळ थांबला. आता सगळं मॅपमध्ये आहे, पण बाहेर काढता येत नाही. नेव्हिगेटर क्लिपबोर्ड राइटटेक्स्ट केलं तर 'डॉक्युमेंट इज नॉट फोकस्ड' म्हणतं.

रात्रपाळी

त्याला पानावर फोकस लागतो आणि तुम्ही कन्सोलमध्ये आहात. शिवाय एचटीटीपीएस नसेल तर तो बहुतेक ठिकाणी मिळतच नाही, अंतर्गत पानांवर हे नेहमीचं आहे. कन्सोलचं स्वतःचं कॉपी नावाचं फंक्शन आहे, ते वापरा. पण ते असिंक फंक्शनच्या पोटात घालू नका. उशिरा धावणाऱ्या कोडला ते दिसत नाही आणि 'कॉपी इज नॉट डिफाइन्ड' येतं. स्क्रिप्ट संपू द्या, मग वेगळ्या ओळीत कॉपी म्हणा.

दोन खान्यांमध्ये टॅब टाका, स्वल्पविराम नको, शेऱ्यात स्वल्पविराम असणारच. शेऱ्यातल्या नव्या ओळी आणि टॅब आधी साध्या जागेत बदला, नाहीतर एक शेरा एक्सेलच्या तीन ओळींत सांडेल. आणि पेस्ट करण्याआधी एक्सेलचे ते कॉलम 'टेक्स्ट' करून घ्या. तसं न केल्यास अर्ज क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं उडतात, आणि 'बरोबर'च्या चिन्हाने सुरू होणारा शेरा तो सूत्र समजतो.

फायलींचा_फडशा

आला! सगळे शेरे शीटमध्ये, शून्यांसकट. मधूनमधून उचलून मूळ पानाशी ताडून बघितले, जुळताहेत. चष्मेवाली, रात्रपाळी, मुद्देसूद, तिघांचे आभार. एक्स्पोर्टमध्ये शेऱ्याचा कॉलम घाला अशी लेखी विनंतीही टाकली आहे.

आडवातिडवा

विनंतीत हेही लिहा: महत्त्वाची माहिती फक्त माउस नेल्यावर दाखवणं मुळात चूक आहे. टचस्क्रीनवर माउसच नसतो. एचटीएमएलचं प्रमाणकच टायटलवर विसंबू नका म्हणतं. २०१८ च्या डब्ल्यूसीएजी २.१ या, वेब सगळ्यांना वापरता यावं यासाठीच्या, नियमावलीत तर १.४.१३ हा नियमच आहे: अशी चौकट माउस न हलवता बंद करता आली पाहिजे, माउस चौकटीवर नेला तरी ती टिकली पाहिजे, आणि माउस दूर नेईपर्यंत किंवा वापरणाऱ्याने घालवेपर्यंत राहिली पाहिजे. ब्राउझरच्या स्वतःच्या टायटल-चौकटीला यातून सूट आहे, लायब्ररीच्या चौकटीला नाही. तो पाळला असता तर निदान एकेक शेरा माउसने सिलेक्ट करता आला असता.

वाचनमात्र

धागा खूण करून ठेवला. अवांतर विचारतो: मला घरच्या संगणकावर, कुठल्याही साइटवर, ऑल्ट दाबून क्लिक केलं की त्या घटकाची टूलटिप कॉपी व्हावी असं हवंय. एक्स्टेंशन टाकायला माझी ना नाही.

रात्रपाळी

मग यूजरस्क्रिप्ट लिहा, म्हणजे पान उघडलं की आपोआप चालणारी स्वतःची स्क्रिप्ट. हा प्रकार जुना आहे, २००४ साली अ‍ॅरन बूडमनने फायरफॉक्ससाठी ग्रीसमंकी काढलं तेव्हापासूनचा. आता ती चालवणारं टॅम्परमंकी किंवा व्हायोलंटमंकी हे एक्स्टेंशन घ्या. क्रोममध्ये नुसतं टाकून भागत नाही, एक्स्टेंशनच्या तपशील पानावर यूजरस्क्रिप्टना परवानगी द्यायचं बटण चालू करावं लागतं. जुन्या क्रोममध्ये त्यासाठी डेव्हलपर मोड लागतो.

डॉक्युमेंटवर क्लिकचा श्रोता लावा, कॅप्चर ट्रू करून. ऑल्ट दाबलेलं असेल तर प्रिव्हेंटडिफॉल्ट विसरू नका. क्रोममध्ये लिंकवर ऑल्ट-क्लिक म्हणजे डाउनलोड. मग कंपोज्डपाथवरून आतून बाहेर चालत जा, नुसत्या टार्गेटवर विसंबू नका. शॅडो डॉममधला, म्हणजे पानात झाकून ठेवलेल्या भागातला, घटक बाहेरून बघताना त्याच्या यजमानाच्या नावावर दिसतो. खरा घटक कंपोज्डपाथमध्ये मिळतो, शॅडो उघडा असेल तर. वाटेत टायटल, डेटा-वाली नावं, एरिया-लेबल आणि एसव्हीजीच्या पोटातलं टायटल यांपैकी जे पहिलं भरलेलं सापडेल ते जीएम सेटक्लिपबोर्डला द्या. त्याची परवानगी वरच्या ग्रँट ओळीत मागावी लागते.

मुद्देसूद

त्यात एक भर. 'दोन तासांपूर्वी' अशा वेळांवर टूलटिपमध्ये नेमकी तारीख असते, ती कॉपी करताना टाइम टॅगचं डेटटाइमही बघा. टूलटिप बऱ्याचदा तुमच्या घड्याळाप्रमाणे असते आणि डेटटाइम यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत. कुठल्या शीटमध्ये काय हवंय ते आधी ठरवा, दोन्ही मिसळली की निस्तरता येत नाही.

आणि '...' देऊन कापलेला मजकूर दिसला तर टूलटिपच्या मागे जाऊच नका. टेक्स्ट-ओव्हरफ्लोने कापलेलं असेल तर पूर्ण मजकूर त्या घटकातच असतो.

गप्पिष्ट

आणि आलेखावरच्या टूलटिपा? एका पानावर रेषेच्या प्रत्येक बिंदूवर आकडा दिसतो. इन्स्पेक्ट केलं तर आत काहीच नाही, नुसता एक कॅनव्हास.

चष्मेवाली

कॅनव्हासवर चौकटसुद्धा रंगवलेली असते, वाचायला मजकूरच नाही. तिथे आलेखाचा डेटा काढायचा. चार्ट जेएस या आलेखाच्या लायब्ररीची तिसरी किंवा त्यापुढची आवृत्ती असेल आणि चार्ट हे नाव पानात खुलं असेल, तर कन्सोलमध्ये चार्ट डॉट गेटचार्टला तो कॅनव्हास द्या. हातात जे येईल त्याच्या डेटामध्ये लेबल्स आणि डेटासेट्स आहेत. नाव खुलं नसेल तर रात्रपाळीने वर सांगितलेला नेटवर्क टॅब. आणि तिथेही काही नसेल तरच तुमचा ओसीआर.